अक्काचं फडताळ उघडंच राहील

भाच्याचा फोन आला तेव्हा मी कोडोलीत पायरीवर बसून अक्कालाच मेसेज लिहीत होतो. ‘फडताळातली अक्षरं अजून थोडी मोठी कर.’ सागर म्हणाला, “मामा, आई गेली…” झोपेतच गेली. मेसेज अर्धाच राहिला. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. माझ्या सूचनेला नाही म्हणायला तरी तिनं थांबायला हवं होतं.

फडताळ म्हणजे अक्कानं लिहिलेला प्रोग्रॅम. शिवाजी पेठेत राहणारी माझी ही थोरली बहीण गणिताची शिक्षिका. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, ही कॉम्प्युटरपुढं बसली. कारण आमचे दाजी. पेठेतल्या फुटबॉलचे सामने, घरची लग्नं, जुनी गाणी, सगळं निरनिराळ्या पेनड्राइव्हवर विखुरलेलं, आणि टीव्हीवर काही लावायचं म्हटलं की दाजी घर डोक्यावर घ्यायचे. अक्कानं ते सगळं एका जागी आणलं आणि बटणांवर दाजींच्या तोंडचे शब्द घातले: लाव, थांब, म्होरं, माघारी. उत्तरं मात्र तिची स्वतःची. चित्र यायला वेळ लागला की पडद्यावर उमटायचं, ‘दम धरा की, यायलंय.’ एखादी फाइल सापडली नाही तर, ‘गावंना. तुमीच कुठंतरी ठिवलंयसा.’ नवराबायकोचं रोजचं भांडण तिनं टीव्हीत भरून ठेवलं होतं.

मी पन्हाळ्याच्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळण्यात जन्म घालवलेला, त्यामुळं सूचना करायची खोड. गाण्यांची चित्रं दाखव, शोधायची सोय दे, असं चालूच असायचं. ती म्हणायची, “आधी वापर, मग शाणा हो.” एकदा मात्र मी हट्टालाच पेटलो. म्हटलं, हे नेटवर फुकट टाक, कोड उघडा ठेव, कुणीही घ्यावा, कुणीही दुरुस्त करावा.

“माझी खरकटी भांडी गावाला दाखवू व्हय?”

“अक्का, तालमीची माती कुणा एकट्याची असती का? येईल त्यानं अंगाला लावावी.”

“तुमच्या तालमीत बायकांना कोण घेतंय?”

“मग तुझी काढ की. सगळ्यांना घे.”

ती चहा टाकायला उठली. पुढच्या आठवड्यात कोड नेटवर आला. वर एकच ओळ होती, ‘भांडी खरकटी हायत. घासायला या.’

आणि लोक आले की! कुणी शोधायची सोय करून दिली, कुणी अडकणारे व्हिडिओ सरळ केले. नागपूरच्या एका बाईंनी आपल्या घरासाठी ‘थांब ना बे’ घातलं, तेव्हा अक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. एका गृहस्थांनी मात्र लिहिलं की भाषा गावंढळ आहे, प्रमाण मराठीत करावी. अक्कानं उत्तर दिलं, ‘कोड उघडा हाय. तुमच्या घरात तुमचं बोला. माझ्या घरात मी बोलणार.’

तेराव्यानंतर एका संस्थेचा निरोप आला. वृद्धाश्रमांतून फडताळ बसवायचं होतं, अक्काचं नाव ठळक राहणार होतं. मूळ प्रोग्रॅमची भाषा तेवढी आम्ही ‘सुधारून’ द्यायची. सागर म्हणाला, “मामा, आईचं नाव लांबवर जाईल की.” पोराला आईचं नाव मोठं व्हावं असं वाटणारच. त्यांनी पाठवलेला नमुना त्यानं टीव्हीवर लावला आणि दाजींच्या हातात रिमोट दिला. दाजींनी बटण दाबलं. पडद्यावर आलं, ‘कृपया प्रतीक्षा करा.’

दाजींनी ते दोनदा वाचलं. “तलाठ्याकडं आलोय काय रं आपण?” मग ते हळूच म्हणाले, “हिला कुठं घालवलंस…?”

त्याच संध्याकाळी मी संस्थेला लिहिलं. खुशाल घ्या, तुमच्याकडं हवं तसं बदला, त्यासाठीच तिनं ते उघडं ठेवलंय. मूळ फडताळ बदलणार नाही. पत्र सागरनं स्वतः पाठवलं. गेलेल्या माणसाला गुळगुळीत करायची आपल्याकडं फार हौस. फोटोला हार घालायचा आणि तोंडची भाषा पुसून टाकायची. माझी बहीण गोड नव्हती, भांडकुदळ होती. तशीच राहील, मी आहे तोवर तरी.

आता दर रविवारी मी पेठेत जातो. स्वयंपाकघराच्या दाराशी तिचं टेबल आहे, तिच्या खुर्चीवर बसतो आणि लोकांच्या सूचना दाजींना मोठ्यानं वाचून दाखवतो. परवा निपाणीकडच्या एका सुनेनं आपल्या सासूसाठी कानडी मिसळलेले शब्द पाठवले. घेऊ का, विचारलं. दाजींची नजर सामन्यावरच होती.

“घे की. इचारतोस काय? पर हिच्या एका अक्षराला जरी हात लावलास, तर तंगडं मोडीन.”