आक्काच्या गोळ्यांचा हिरवा डबा

माझ्या बहिणीला एका पेशीच्या जिवाणूनं मारलं. त्याला डोकं नसतं. आपल्याला होतं, तरी आपण त्याच्याच बाजूनं लढलो.

मी या ग्रुपवर कधी काही लिहीत नाही. आज आक्काचं वर्षश्राद्ध होतं, म्हणून लिहितोय.

सकाळपासून तुमच्या पोस्ट वाचतोय. "गल्लीची डॉक्टर गेली." "आक्कांच्या हाताला गुण होता."

गुण हाताला नव्हता. सर्दी आठवड्यात आपोआप जाते. तुम्ही चौथ्या दिवशी आक्काकडं जायचा, सातव्या दिवशी बरे व्हायचा आणि हात जोडायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आष्ट्यात आक्काच्या घरी टीव्हीखाली एक हिरवा पत्र्याचा डबा असायचा. दाजींनी फौजेतून आणलेला.

कुणाच्याही आजारपणात उरलेल्या गोळ्या त्या डब्यात जायच्या. कात्रीनं कापलेल्या स्ट्रिप. कुणाच्या दोन, कुणाची एक. नाव असलेला भाग बहुतेक वेळा कापलेलाच.

आक्का रंगावरून ओळखायची. "ही लाल-काळी घशाची. ही पांढरी लांबडी, ही लय पावरची."

सगळी भावकी त्या डब्यावर जगत होती. डॉक्टरनं "व्हायरल आहे, आराम करा" म्हटलं, की डॉक्टर बिनकामाचा. सुई टोचली नाही, तर त्याला काही येतच नाही. मग आक्काचा डबा.

मी कराडला लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बावीस वर्षं जिवाणू वाढवणं हेच माझं काम. एकदा, एकदाच, मी बोललो.

"आक्का, सर्दी विषाणूची असते. ही गोळी जिवाणूची आहे."

"दोन्ही किडंच की रं."

"नाही. जिवाणू पूर्ण जीव असतो. खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. तुझ्या विरजणात तेच असतात. विषाणूला स्वतःचं घरच नसतं. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच स्वतःसारखे आणखी बनवून घेतो. गोळी जिवाणूची भिंत तोडते. विषाणूला ती भिंतच नाही. तोडणार काय?"

"मग माझी सर्दी गेली कशी?"

"न घेता पण गेली असती."

"गेली असती म्हंतोस. माझी गेली."

सगळे हसले. दाजी म्हणाले, "आवं, लॅबवाल्याला रगात काढायचं ठावं. त्येला गोळ्यांचं काय इचारताय?"

मी चहा पिऊन निघालो. पुन्हा बोललो नाही.

बोलायला हवं होतं. गोळीनं सर्दीच्या विषाणूला काही होत नाही, पण पोटातल्या जिवाणूंना होतं. दुबळे मरतात. चिवट उरतात, वाढतात आणि तो चिवटपणा शेजारच्या जिवाणूला देऊनही टाकतात.

आपल्या भावकीत बांधावरची वीतभर माती कुणी कुणाला देत नाही. ते देतात.

जी बाई विरजण पाहून सांगायची की हे कुणाच्या घरचं, जिला चमचाभराचं पातेलंभर कसं होतं हे रोज दिसायचं, तिला हे कळलं नसतं असं मी मानत नाही. मी नीट समजावलं नाही.

गेल्या वर्षी तिला लघवीला जळजळ सुरू झाली. साधं इन्फेक्शन. तिनं डब्यातल्या तीन गोळ्या घेतल्या. मग दुसऱ्या रंगाच्या दोन. बारा दिवसांनी थंडी वाजून ताप आला, तेव्हा दाजींनी तिला कराडला दवाखान्यात आणलं.

सॅम्पल आमच्याच लॅबला आलं. बाटलीवर तिचं नाव मी लिहिलं.

आम्ही प्लेटवर जिवाणू पसरतो आणि त्यावर औषधांच्या गोल चकत्या ठेवतो. औषध लागू पडलं, की दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ रिंगण दिसतं.

आक्काच्या प्लेटवर रिंगणं नव्हती. जिवाणू प्रत्येक चकतीला चिकटून वाढले होते. तिच्या डब्यातली लाल-काळी, पांढरी लांबडी, सगळी औषधं त्या चकत्यांत होती.

फक्त एका इंजेक्शनच्या औषधाच्या चकतीभोवती अरुंद रिंगण होतं. ते इंजेक्शन त्याच दिवशी सुरू झालं. तोवर जिवाणू रक्तात गेला होता.

मी भेटायला गेलो, तेव्हा ती शुद्धीवर होती.

"रिपोर्ट आला न्हवं?"

"आला."

"मग आसं तोंड का केलंस? डब्यातलं बघ की रं जरा. येखादी तरी लागू पडंल."

बावीस वर्षं रिपोर्ट वाचणारा मी. म्हणालो, "बघतो आक्का."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

हे आज का लिहितोय?

आज पंगती उठल्यावर तिची धाकटी जाऊ शिंकणाऱ्या पाहुणीला म्हणाली, "थांबा, गोळी देते." आणि तिनं टीव्हीखालून हिरवा डबा काढला. वर्षभरात तो जास्तच भरला होता.

मी बघत राहिलो, तर म्हणाली, "आवं दादा, डबा आमी बंद पडू दिला न्हाई. आक्काबाईंची आठवण हाय ती."

आठवण!

मी डबा तिच्या हातातून घेतला. दाजी म्हणाले, "आवं, आज तरी नगो." मी तरी घेतला.

घरी आणला. एकेक तुकडा वाचला. नाव नसलेले रंगावरून ओळखले. सगळ्या गोळ्या लॅबच्या पिवळ्या पिशवीत टाकल्या. उद्या जाळायला जातील.

ज्यांना राग आला असेल त्यांनी धरावा. डबा परत मिळणार नाही. सर्दी झाली तर झोपा.

आक्का, तुझं काम करायला मला वर्ष लागलं. डबा बघितला.

लागू पडेल अशी एकही नव्हती.

तुला माझा नमस्कार.