मस्तगड ते नवीन जालना, व्हाया बंगळूर

सगळा उन्हाळा मी बंगळूरच्या एका माणसाशी इंग्रजीतून भांडलो. कारण होतं एक मुक्त, म्हणजे कुणालाही बदल सुचवता येतील असं, प्रॉक्सी सॉफ्टवेअर. बाहेरून आलेली मागणी मागच्या सर्व्हरकडे पोचवायची, एवढंच त्याचं काम. पण तो सर्व्हर खरा की तोतया, हे ते तपासत नसे. त्या माणसानं ती तपासणी लिहून दिली होती. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटमध्ये खोट निघाली की जोडणी बंद. ती लवकर स्वीकारा, नोकरीसाठी दाखवायची आहे, असंही त्यानं एकदा लिहिलं होतं.

मी अडून बसलो होतो: जोडणी लगेच बंद करू नका, आधी नुसता इशारा द्या. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचे जुनाट सर्व्हर मी सांभाळतो; त्यांची सर्टिफिकेटं कधीच मुदत संपलेली. ऐन पेरणीत ऑर्डरी अडकल्या तर शेठ आधी माझी जोडणी तोडतील. पण हे सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन चर्चेत लिहिलं नाही. प्रोफाइलवर मी पुण्याचा होतो. जालन्याच्या माणसाचं कोण ऐकतंय!

दोघांचीही इंग्रजी उसनी. सौम्य बोलायला गेलो तरी शब्द टोचायचे.

एकदा त्यानं लिहिलं, ट्रक खांबाला धडकलाय, सकाळपासून लाइट नाही, सुधारणा उद्या पाठवतो. आमचीही लाइट त्याच ट्रकनं घालवली होती! पण उद्या उजाडायच्या आत सॉफ्टवेअरच्या प्रकल्पवाल्यांनी आमच्या भांडणाला कंटाळून चर्चाच बंद केली. तपासणी बारगळली. मी खासगीत मराठीत विचारलं, "जालना?"

उत्तर आलं, "मस्तगड." म्हणजे जालन्यातच!

ठरल्याप्रमाणे स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर स्कूटीवरून एक बाई उतरल्या.

"दादा, तुमीच का ते? मी तं पुण्याचा कोणी खडूस म्हातारा समजून राह्यले होते."

"मंग तुमी बंगळूरच्या कशा?"

"मस्तगड लिहिलं असतं तं वाचलं असतं का कोणी?"

मी पेरणीचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "हे आधी न्हाई सांगायचं? जुन्या सर्व्हरला बराबर मुदत दिली असती. अर्ध्या घंट्याचं काम."

"परत लिहू या ना."

"कशाला आता? घरबसल्या नोकरी होती, दुसऱ्यानं नेली. पोरगी लहान हाय, जालना सोडता येत न्हाई. शाळेत कॉम्प्युटर शिकवून राह्यले."

मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

घरी येऊन प्रोफाइलवरचं पुणे खोडलं, जालना लिहिलं. त्यांना दाखवावं म्हणून त्यांचं खातं उघडायला गेलो, तर ते बंद केलेलं होतं.