भाकरीच्या तव्यावरचे दोन टोस्ट

आमच्याकडे ब्रेड आजारी माणसासाठी घेतात. दवाखान्यात कुणाला भेटायला जायचं असलं की स्टँडवरून ब्रेडचा पुडा आणि चार केळी घ्यायची, आणि तो ब्रेड चहात बुडवून त्या माणसाला भरवायचा. धडधाकट माणसाने घरी बसून ब्रेड खाल्ला असं सहसा होत नाही. मला हे माहीत होतं. तरी लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात मी अनसिंगच्या स्टँडवरच्या दुकानात ब्रेड मागितला, तेव्हा पुडा काढण्याआधी दुकानदाराने विचारलं, "कोन हाय भरती?"

कुणी नाही, घरी खायला हवाय, असं मी सांगितलं. त्याने मला एकदा नीट पाहून घेतलं आणि पुडा पुढे सरकवला. "सांगाचं नसन त नका सांगू. पन डाक्टरले दाखवून घ्या."

ब्रेड लागत होता तो सव्वासातच्या एसटीसाठी. मी वाशीमच्या कॉलेजात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते, रोज याच गाडीने जायचे, आणि तिथल्याच एका शाळेत माझे सरावपाठ सुरू होणार होते. महिनाभर रोज सकाळी आठला प्रार्थनेच्या आधी तिथे उभं राहायचं होतं. सव्वासातची गाडी चुकली तर पुढची नऊनंतर. पाठ बुडले तर वर्ष बुडतं, हे कॉलेजने आधीच बजावलं होतं. सासरचा भाजीपाल्याचा मळा आहे. मेथी, पालक, वांगी. नवरा पहाटे चारलाच टेम्पो घेऊन वाशीमच्या हर्रासाला, म्हणजे भाजीच्या लिलावाला, जायचा; त्याच्यासोबत मी जाऊ शकत नव्हते, कारण साडेचारपासून सासूबाई आणि मी भाकरी थापायचो. घरच्यांच्या आणि तोडणीला येणाऱ्या बायांच्या मिळून वीस-बावीस. त्या होईस्तोवर सात वाजत. सासरे मोटार चालू करून आठनंतर जेवायला बसत, आणि त्यांचं झाल्याशिवाय घरातल्या बाईने भाकरीला हात लावायचा नाही अशी रीत होती. म्हणजे मी दुपारी दोनपर्यंत उपाशी.

माझ्या माहेरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील सायकलच्या हँडलला गठ्ठा बांधून आठवडी बाजारांत ती वाटत, आणि उरलेल्या प्रतींवर मी वाचायला शिकले. पुढे स्वतः लिहायला लागले. बाईने सगळ्यांत शेवटी का जेवायचं, यावर मी पानभर लिहिलं होतं आणि केनवडच्या बाजारात भर दुपारी उभी राहून ते वाटलं होतं. एका म्हाताऱ्याने तिथेच त्यात भजी बांधून घेतली, तर त्याच्याशीही वाद घातला होता. आणि आता स्वतःच्या सासरी, स्वतः थापलेल्या बावीस भाकरींपैकी एक उचलायची माझी हिंमत होत नव्हती. कुणी मारणार नव्हतं, ओरडणारही नव्हतं. सासूबाई फक्त माझ्याकडे बघतील, एवढंच. तेवढं पुरत होतं.

टोस्ट ही मी काढलेली पळवाट होती. ब्रेडला घरात कुणी जेवण मानत नव्हतं, म्हणून त्याला जेवणाची रीत लागू होत नव्हती. शेवटची भाकरी उतरली की तव्यावरचं पीठ फडक्याने पुसायचं, त्याच आचेवर दोन स्लाइस टाकायच्या, कडा लाल होईपर्यंत उलथण्याने दाबायच्या, वर पीनट बटर लावून दोन्ही एकमेकींवर ठेवायच्या आणि कागदात गुंडाळून निघायचं. सगळं मिळून चार मिनिटं.

पीनट बटर मी अकोल्याच्या वसतिगृहात शिकले होते. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, चोळून टरफलं पाखडायची आणि कोमट असतानाच मिक्सरला लावायचे. घरी पहिल्यांदा केलं तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. कूट झाल्यावर त्या म्हणाल्या की झालं, आता थांब. मी थांबले नाही. कुटाचे गोळे झाले, भांड्याला चिकटले, मी ते चमच्याने खाली ढकलले आणि पुन्हा फिरवलं. मिक्सर तापून वास सुटला. "वाया घातले सारे दाने," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने दाण्यांना तेल सुटलं, गोळा सैल होऊन भांड्यात गोल फिरू लागला. मी त्यात चिमूटभर मीठ आणि किसलेला गूळ घातला. बोटावर घेऊन त्यांना चाखायला दिलं. त्यांनी चाखलं, जीभ टाळूला लावून काही वेळ तशाच बसल्या, आणि म्हणाल्या, "हे त तोंडच बंद करते."

पुढचं सगळं त्यामुळेच झालं. एके दिवशी गाडी आधीच लागलेली दिसली म्हणून मी स्टँडवर घाईघाईने टोस्ट खाल्ला. घास टाळूला बसला, मग घशात. पाणी नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं आणि मी नालीवर वाकून खोकले, ओकारी काढली. शेजारच्या काकू तिथे रिसोडच्या गाडीची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी माझी पाठ चोळली. काही विचारलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी मी साडेचारला उठले तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता आणि सासूबाई एकट्याच थापत होत्या. "तू नीज," त्या म्हणाल्या. "मी करून राह्यली न." मी परातीकडे गेले तर त्यांनी परात बाजूला ओढली.

काकूंनी सासूबाईंना स्टँडवरचं सांगितलं होतं, हे मला समजायला दोन दिवस लागले. भाकरी जात नाही, ब्रेड मागवते, शेंगदाण्यांची वासना होते, स्टँडवर ओकली. याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो. आणि पहिले तीन महिने ती गोष्ट कुणी तोंडातून काढत नाही, नजर लागते म्हणून. विचारतही नाहीत. मला कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण विचारणंच अशुभ होतं, त्यामुळे नाही म्हणायला जागाच नव्हती.

असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं हे होतं की सहा वाजेपर्यंत झोपायला मिळत होतं. पाठाची टाचणं दिव्याखाली बसून शांतपणे लिहिता येत होती. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी टोस्ट स्वतः भाजला आणि बशीत घालून समोर ठेवला. बटर पार कडेपर्यंत लावलेलं. लग्न झाल्यापासून त्या घरात सकाळी मी पहिल्यांदा बसून खाल्लं, आणि तेही सासऱ्यांच्या आधी. माझ्या पानभर पत्रकाने जे केलं नव्हतं ते एका गैरसमजाने झालं होतं, आणि मी गप्प राहून चावत होते.

नवऱ्याच्या कानावर ते त्याच्या आईकडूनच गेलं. खरं काय ते त्याला माहीत होतंच. आमचं लग्न नोंदणी पद्धतीने झालं, त्या दिवशी आलेल्यांना आम्ही दोघांनी मिळून पत्रकं वाटली होती, असा तो माणूस. त्याला म्हटलं, आईला सांगून टाकू. तो टेम्पोचं चाक बघत होता. "सांगू नोको असं नाही म्हनत मी. पन घाई काय हाय? आई खुशीत हाय, तुलेबी आराम." मग म्हणाला की महिन्याभरात आपोआप विरून जाईल. मी मान हलवली. एवढ्यावर विषय संपवला आम्ही.

सरावपाठ बुधवारी सुरू होणार होते. सोमवारी मी साडीला इस्त्री करत असताना सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि सव्वासातची एसटी आता बंद, असं अगदी सहज सांगितलं. रस्त्यावर खड्डे किती, ड्रायव्हर हाणतो किती. तीन महिने घरीच राहायचं. मी म्हटलं, वर्ष जाईल. तर म्हणाल्या, पुढच्या साली देजो परीक्षा, ते काय पळून जाते.

नवरा दारात उभा होता, मी त्याच्याकडे पाहिलं. तो बाहेर बघू लागला. मी म्हटलं, मला काही होत नाही, मी जाणार. तेव्हा त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की त्यांनाही काही होत नव्हतं. पाचव्या महिन्यात त्या वांग्याची डाली डोक्यावर घेऊन बांध उतरल्या होत्या. त्या सकाळीही बावीस भाकरी त्यांनीच केल्या होत्या. दुपारी मळ्यातच सगळं संपलं. "मले कोनं म्हटलं नाही, तू नीज म्हनून," त्या म्हणाल्या. "म्हनून तुले म्हटलं."

इस्त्री साडीवरच राहिली होती, ती मी उचलली. त्या क्षणी सांगायला हवं होतं, आणि त्या क्षणी सांगणं सगळ्यांत अवघड होतं. मंगळवार तसाच गेला. दिवसभर मी घरात फिरत राहिले. अंगण, गोठा, पुन्हा स्वयंपाकघर. दारं सगळी उघडी होती. मला कुणीही कोंडलेलं नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लोकांच्या हातात कोंबायचं, हेच आयुष्यभर केलेली मी, एका बाईपुढे चार शब्द उच्चारू शकत नव्हते.

बुधवारी सहाला साडी नेसून मी स्वयंपाकघरात गेले. त्यांनी तव्यावर स्लाइस टाकल्या होत्या. साडीकडे पाहून त्यांचा हात थांबला.

"आई, मला दिवस गेलेले नाहीत. नव्हतेच."

त्यांनी गॅस बंद केला. स्लाइस तव्यावर तशाच राहिल्या आणि एका बाजूने करपत गेल्या.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही विचारलं नाही."

"तुले बोलता येते न," त्या म्हणाल्या. "साऱ्या गावाले कागदं वाटत फिरते तू."

त्यांनी ओट्याला पाठ टेकली. रडल्या नाहीत. मग त्यांनी पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, गाडी चुकेल, नीघ. मी उंबऱ्याशी पोचले तेव्हा मागून म्हणाल्या की बाहेर कुणाला काही बोलू नको, मी पाहते. मला वाटलं, सुटले. मी धावतच स्टँडवर गेले.

दुसऱ्या दिवसापासून साडेचारला मी पुन्हा परातीशी. आम्ही दोघी भाकरी थापायचो आणि भाजीपलीकडे काही बोलायचो नाही. टोस्ट मी पुन्हा स्वतः करू लागले. पाठ चांगले जात होते.

आठवड्याने एसटीत एक ओळखीची बाई मला पाहून उठली. जागा देत होती. मी नको म्हटलं, तर तिने खांद्याला धरून बसवलं आणि डोक्यावरून हात फिरवला. तिच्या शेजारच्या दोघींनी मान खाली घातली. मग मला कळलं, सासूबाईंनी काय पाहिलं होतं ते. त्यांनी शेजारच्या काकूंना सांगितलं होतं की राहिलं नाही, गर्भ पडला. सुनेने पंधरा दिवस सगळ्यांना फसवलं असं गावाने म्हणण्यापेक्षा हे बरं, असा त्यांनी हिशेब केला असणार. त्यात माझी अब्रू वाचत होती. कदाचित माझ्यासाठीच केलं असेल त्यांनी ते. मी कधी विचारलं नाही.

मी उठून उभी राहिले. गाडी भरलेली होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं की मला काहीही झालेलं नाही, दिवस गेलेच नव्हते, लोकांचा गैरसमज झाला आणि तो मी होऊ दिला. बाजारात पत्रक वाटताना जो आवाज लागतो, त्याच आवाजात म्हटलं.

कुणी रागावलं नाही. त्या बाईचे डोळे भरून आले.

"असं नाही बोलू माय," ती म्हणाली. "होते मन हलकं, हळूहळू."

आणि तिने मला पुन्हा खिडकीशी बसवलं.