पावसाळ्यातली मेथी

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच शोधनिबंधाचा मसुदा वाचत होते. "मॅडम गेल्या," तिची विद्यार्थिनी एवढंच म्हणाली. मला रडू नाही आलं, राग आला. काम अर्धवट टाकून जाणं तिला शोभणारं नव्हतं…

आम्ही दोघी कर्वेनगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. ती मूळची अमरावतीकडची. सगळी हयात पुण्यात काढूनही चिडली की "काहून?" तोंडातून निघायचंच. मार्केट यार्डात टाकून दिलेली मेथीची देठं ती पोत्यात भरून रिक्षाने आणायची. ती उकळून गाळलेलं पाणी चांदीच्या क्षाराच्या द्रावणात घातलं की ते हळूहळू कोऱ्या चहासारखं तांबूस व्हायचं. डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण तयार झाल्याची ती खूण. घातक रसायनं टाळणारी म्हणून या पद्धतीला हरित म्हणतात. तपासायच्या पाण्यात पारा असला की हा रंग उडायचा. यंत्र नको, वीज नको, विहिरीवरच्या बाईलाही कळेल अशी चाचणी तिला हवी होती. पण पावसाळ्यातली देठं दगा द्यायची. द्रावण गढूळ व्हायचं आणि पारा असूनही रंग हलायचा नाही. म्हणजे विषारी पाणी चांगलं ठरायचं.

"आपण फक्त हिवाळ्याचे निकाल द्या ना मॅडम, निबंध सुटसुटीत होईल," विभागप्रमुख म्हणाले.

"काहून? पावसाळ्यात लोकं पाणी पीत नाहीत काय?"

निबंध नियतकालिकाकडून दोनदा परत आला. हॉस्पिटलमध्ये शेवटची भेटले तेव्हाही तिचं तेच. "ते निकाल गाळलेस तर माझं नावही गाळ." मी म्हटलं, "अगं, आधी बरी तर हो." "विषय बदलू नकोस," ती म्हणाली…

शोकसभेत विभागप्रमुखांनी तिला मृदू स्वभावाची म्हटलं. बहुधा दुसऱ्याच कुणाचं भाषण हाती लागलं असावं. मग म्हणाले, निबंध थोडा नीटनेटका करून छापणं हीच खरी श्रद्धांजली. मी उभी राहिले. शोकसभेत असं उभं राहायचं नसतं, हे मलाही कळतं. "एकही ओळ गाळली जाणार नाही," म्हटलं आणि बसले. निबंध जसाच्या तसा पाठवलाय. परत आला तर पुन्हा पाठवेन. मला सवड आहे.

तिच्या टेबलामागे, दारातून येणाऱ्याला आधी दिसेल अशा फळीवर, तिने फसलेल्या प्रयोगांच्या बाटल्या मांडल्या आहेत. प्रत्येकीवर ठसठशीत अक्षरात 'फसलं'. जमलेल्या बाटल्या मात्र आत, कपाटात. कॉलेजच्या तपासणीला बाहेरून पाहुणे येणार म्हणून फळी रिकामी करायचा निरोप आला. मी यार्डात गेले, भर पावसातली देठं आणली, उकळली. द्रावण गढूळच झालं. त्या बाटलीवर माझ्या अक्षरात 'फसलं' लिहून ती इतर बाटल्यांशेजारी ठेवली, आणि पाहुणे आल्यावर त्यांना आधी तिथेच नेलं.