स्क्रीनवरचं हिरवं शून्य

"मॅडम, पोरं खाली नेऊ का नाई, तेवढं सांगा."

नानाजीभाऊ कंट्रोल रूमच्या दारात उभे होते. ते खाण सरदार. पाळीच्या आधी स्वतः खाली जाऊन छत, हवा, गॅस तपासायचा आणि मगच माणसं आत न्यायची, ही जबाबदारी त्यांची. बाहेर सकाळच्या पाळीची माणसं डोक्याला कॅप लॅम्प लावून इन्क्लाइनच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या तिरप्या बोगद्याच्या, तोंडाशी थांबली होती. आत नेता येत नाही म्हणून प्रत्येकजण तोंडातला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा घोटलेला तोबरा, संपवत होता.

माझ्यासमोर स्क्रीन होती. खाणीतल्या प्रत्येक मिथेन सेन्सरच्या नावापुढे शून्य आणि हिरवा दिवा. मॅनेजर साहेब खूश.

"शून्य गॅस! याहून चांगलं काय पाहिजे? सोडा पाळी."

"थांबा सर," मी म्हणाले. "हे शून्य मला पटत नाही."

खाण भद्रावतीकडची. नाव सांगत नाही, कारण ती मंडळी अजून मला नेटवर्कची कामं देतात. तिथे कॅमेरे, हाजरीची मशीन, ऑफिसचे कॉम्प्युटर आणि गॅसची यंत्रणा सगळं एकाच नेटवर्कवर होतं. कॅमेऱ्यांची गर्दी झाली की गॅसची स्क्रीन गोठायची. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी हे वेगळं करायला सांगितलं आणि काम माझ्याकडे आलं. रविवारी खाणीला सुट्टी, म्हणून मी रविवारी बसले.

काम तसं सरळ. एका मोठ्या वावरात धुरे, म्हणजे बांध, घालून पट्टे पाडावेत, तसे एकाच स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जोडतात त्या डब्यात, वेगवेगळे व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचे कप्पे, पाडायचे. कॅमेरे एका पट्ट्यात, ऑफिस दुसऱ्यात, सेन्सरचे आकडे गोळा करणारं गॅसचं पॅनेल तिसऱ्यात, ते आकडे स्क्रीनवर मांडणारा गॅसचा सर्व्हर चौथ्यात. धुरे घातले की कोणाचा कोणाशी संबंध राहत नाही. पण पॅनेलचे आकडे सर्व्हरला तर मिळायलाच हवेत. म्हणून स्विचवर राउटिंग सुरू करायचं, म्हणजे धुऱ्यांमधून वाटा सोडायच्या. कोणी कोणत्या वाटेने जायचं नाही, ही बंधनं मी नेहमी सगळ्यात शेवटी घालते. ती सोमवारी, म्हणजे त्याच दिवशी पाळी खाली गेल्यावर, घालायची होती.

वाटा उत्तम चालल्या होत्या. सर्व्हरवरून पॅनेलला पिंग केलं, उत्तर आलं. पिंग म्हणजे "आहेस का रे?" विचारणं आणि समोरच्याने "आहे" म्हणणं. साहेबांनी तेवढं पाहिलं आणि त्यांच्यापुरतं काम संपलं.

माझं संपलं नव्हतं. खरा आकडा कधी स्वस्थ बसत नाही. सेन्सर चालू असला की शेवटचा अंक थोडा तरी वरखाली होतो. इथे सगळे आकडे शाळेत पहिल्यांदा आलेल्या मुलांसारखे हाताची घडी घालून बसले होते.

"मॅडम, पाळी वाया गेली तर टार्गेट कोण भरणार? तुम्ही?" साहेबांचा आवाज चढला.

"मी नाही भरणार सर. पण हा आकडा खालून आलाय हे कळेपर्यंत सिस्टीम चालू आहे असं मी म्हणणार नाही."

नानाजीभाऊंनाही राग आला होता. "मी पहाटे फिरून आलो ना. मीटरवर काईच नोहतं. माह्यावर भरोसा नाई का?"

"तुमच्यावर पूर्ण आहे भाऊ. पण तुम्ही वर आलात त्याला वेळ झाला. आत्ता खाली काय आहे ते हे यंत्रच सांगणार, आणि ते खोटं बोलतंय असं मला वाटतं."

वाद घालण्यापेक्षा दाखवलेलं बरं. वरच्या इन्स्ट्रुमेंट रूममध्ये त्याच पॅनेलला जोडलेला एक सेन्सर होता. तिथल्या टेक्निशियनला त्याच्यावर टेस्ट गॅस सोडायला सांगितलं. हा छोट्या सिलिंडरमधला गॅस सेन्सर तपासायलाच असतो. त्याने तिकडून ओरडून सांगितलं, "सोडून राह्यलो!"

स्क्रीनवर शून्य. हिरवं.

साहेब खुर्चीतून उठले. त्यानंतर टार्गेटचा शब्द कोणी काढला नाही.

आता शोध सोपा होता. वाट आहे, मग माल जातो कुठे? पॅनेलचा मेनू उघडला. आकडे कुठे पाठवायचे त्या जागी सर्व्हरचा जुना पत्ता तसाच होता. सर्व्हर नव्या पट्ट्यात गेल्यावर त्याला नवा पत्ता मिळाला होता. पॅनेलवाल्या कंपनीचा माणूस फोनवर छातीठोकपणे म्हणाला होता, "मॅडम, पॅनेल सर्व्हर आपोआप शोधून घेतं." घेत नव्हतं. हे पॅनेल आकडे पाठवून मोकळं होतं, पोच मागत नाही. आणि सर्व्हरच्या सॉफ्टवेअरला काही मिळालं नाही की ते शून्य मांडतं. शून्याला हिरवा दिवा. असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला एक पाळी खाली पाठवावं असं मला अजूनही वाटतं.

मग तो जुना पत्ता आता कोणाकडे? स्विचवर पाहिलं. हाजरी ऑफिसच्या नव्या प्रिंटरकडे. जुना पत्ता ऑफिसच्या पट्ट्यात मोकळा राहिला आणि आपोआप त्याला मिळाला होता.

माझं राउटिंग इतकं चोख होतं की खाणीतल्या मिथेनचा एकूण एक आकडा इमानेइतबारे प्रिंटरच्या दारात पोचत होता. खात्री करायला त्याची वायर काढली, तर हाजरी ऑफिसच्या गेडामबाई धावत आल्या. "माह्या प्रिंटरले काऊन हात लावला? त्यानं काय केलं तुमचं?"

"काही नाही बाई. त्याची चूक नाही."

पॅनेलमध्ये नवा पत्ता टाकला. एकेक आकडा जागा झाला, थरथरू लागला. मला हायसं वाटलं ते क्षणभरच. दूरच्या सेक्शनचा आकडा बाकीच्यांपेक्षा वर होता. आम्ही पाहत असतानाच आणखी वर सरकला. दिवा पिवळा, मग लाल.

नानाजीभाऊ दारातून आत आले आणि स्क्रीनजवळ वाकले. "तिथीच लावाचं होतं आज पोरायले," ते हळूच म्हणाले.

साहेब आता खरे साहेब झाले. त्यांनी फोन उचलला, त्या सेक्शनची वीज बंद करवली, पाळी रोखली. ओव्हरमन, म्हणजे सरदारांच्या वरचा पाळीप्रमुख, नियमाप्रमाणे तपासत खाली गेला. तिथला हवा ढकलणारा पंखा ट्रिप होऊन बंद पडला होता, नानाजीभाऊ फिरून आल्यानंतर. पंखा सुरू झाला, आकडा उतरला, सेक्शन पुन्हा तपासलं गेलं. जेवणवेळ होत आली तेव्हा माणसं खाली उतरली. कोळसा त्या दिवशी कमी निघाला.

साहेबांनी माझे आभार वगैरे मानले नाहीत. जाताना एवढंच विचारलं, "मॅडम, ती बंधनं घालायची राहिली होती ना? ती आजच घाला. प्रिंटरचा काय भरवसा?"

घातली. मात्र त्या दिवसापासून एक पथ्य पाळते. पिंग लागला म्हणून कामाचं बिल देत नाही. आधी सेन्सरवर टेस्ट गॅस सोडायला लावते आणि स्क्रीन लाल होण्याची वाट पाहत बसते. गिऱ्हाइकं कुरकुरतात, त्यांना स्क्रीन हिरवी लागते. मला आधी एकदा लाल बघायची असते.