शून्य नंबरचा पेशंट

ऑफिसात तिला सगळे हवालदारबाई म्हणत, आणि तिच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणत. पन्नाशीला टेकलेली ही बाई दवाखान्यांना अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीत टेस्टिंग बघायची. प्रोग्रामरांनी काही बदललं की शे-दोनशे टेस्ट आपोआप चालत आणि कुठे काय बिघडलं ते सांगत. या टेस्टना खोटे पेशंट लागतात, ते ठेवायला वेगळा डेटाबेस लागतो, आणि त्या डेटाबेसशी कनेक्शन जोडून देणं हे बाईचं काम. पत्ता, नाव, पासवर्ड अशी चार ओळींची सेटिंग. बघणाऱ्याला वाटावं, यात काय मोठंसं!

मोठं हे, की टेस्ट सुरू होताना आधी डेटाबेस झाडून रिकामा करते. पत्त्याच्या जागी चुकून खऱ्या दवाखान्याचा पत्ता राहिला तर खरे पेशंट झाडले जाणार. म्हणून बाईने नियम घातला होता. टेस्टच्या डेटाबेसात शून्य नंबरचा एक पेशंट ठेवायचा, जो खऱ्या कुठल्याच दवाखान्यात नाही. टेस्टने आधी त्याला शोधायचं. सापडला तर पुढे, नाहीतर जागच्या जागी थांबायचं. झाडलोट करतानाही त्याला तेवढं वगळायचं.

घरीही हाच खाक्या. बाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघायची, कुलूप दोनदा ओढायची. नवरा शाळेची बस चालवायचा, त्याला वेळ पाळायची सवय; तो खालून हॉर्न देत राहायचा. मुलगी म्हणायची, "आई, आता दारालाही विचार, तू आमचंच ना म्हणून."

अलीकडे मात्र या पेशंटने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. नवे डेटाबेस सारखे तयार होत, करणारा शून्य नंबर घालायला विसरे, आणि टेस्ट अडून बसत. टीमचा साहेब बाईपेक्षा दहा वर्षांनी लहान, माणूस सरळ. तो म्हणाला, "ताई, महिन्यात चौथ्यांदा अर्धा दिवस वाया गेला. तीन वाजता बसू. तुमच्या पेशंटला आता डिस्चार्ज द्यायचाय."

सगळे हसले. बाईही हसली, पण तिला ते लागलं. नियम का घातला, हे तिने या ऑफिसात नऊ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याच सकाळी एका दवाखान्याची तक्रार आली होती. खऱ्या डेटाबेसात हात घालायची मुभा असलेली ती एकटीच, त्याचा तिला मनातून अभिमानही होता. तिने सेटिंगमध्ये खरा पत्ता घातला, नोंद दुरुस्त केली, तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. बसचं टायर बसलं होतं, त्यावर पाच मिनिटं बोलणं झालं. फोन ठेवून तिने टेस्ट सुरू केल्या. स्क्रीनवर लाल ओळ उमटली: शून्य नंबरचा पेशंट सापडला नाही. थांबलो आहे.

"विसरलं वाटतं पुन्हा कुणीतरी," ती पुटपुटली. ही तपासणी वगळून पुढे जायची एक सोय तिनेच ठेवली होती. बोटं तिकडे गेलीसुद्धा. निव्वळ सवयीने तिची नजर वर गेली आणि तिने पत्ता वाचला.

दवाखाना खरा होता. नऊ हजार माणसं. बॅकअप होता, पण रात्रीचा. सकाळपासूनच्या नोंदी आणि दारात बसलेल्यांचा दिवस गेलाच असता. तिने पत्ता बदलला, हात मांडीवर ठेवले आणि नुसती बसून राहिली.

कुणी पाहिलं नव्हतं. गप्प राहिली असती तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पण मग तीन वाजता पेशंटची बाजू घेणार कोण?

तीन वाजता साहेबाने वाया गेलेल्या तासांचा कागद पुढे सरकवला. बाई म्हणाली, "आज सकाळी मी खऱ्या दवाखान्यावर टेस्ट सोडल्या. त्या पेशंटमुळे थांबल्या. आणि मी ती तपासणीही वगळणार होते."

साहेब म्हणाला, "तुम्ही? ताई, तुम्ही?"

"मीच. माझ्या हातून होतं तर कुणाच्याही होईल. ती वगळायची सोय आधी काढून टाका. आणि माझा खऱ्या डेटाबेसचा पासवर्डही काढून घ्या."

नऊ वर्षांचा मान होता तो. साहेबाने मान डोलावली.

मग त्याने लॅपटॉप ओढला. नवा डेटाबेस तयार होतानाच शून्य नंबर आपोआप पडावा, म्हणजे कुणी विसरायचा प्रश्नच नको. जुनी नोंद उघडून तो वाचायला लागला. "वय एकसष्ट. व्यवसाय ग्रंथपाल. हे कुठून आणलंत?"

बाईने पाण्याचा घोट घेतला. "पहिल्या नोकरीत मी एका वाचनालयाचे चार हजार सभासद असेच पुसले होते. बॅकअप आठ महिन्यांचा जुना. तिथले ग्रंथपाल माझ्याशेजारी बसून कार्डं वाचायचे, मी टाइप करायचे. दोन महिने. एकदाच म्हणाले, 'बाई, झाडायला घेतलं ते घर कुणाचं, एवढं तरी विचारायचं.' माझ्या तेव्हाच्या साहेबांना मात्र त्यांनी मशीन बिघडलं म्हणून सांगितलं. माझी नोकरी राहिली."

"आता कुठे असतात?"

"गेले. मला उशिरा कळलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि मीही नाही. आज पहिल्यांदा बोलतेय."

साहेबाने नोंद जपून नव्या जागी उतरवली. वयाच्या रकान्याशी तो अडला. "हे आता वाढवायला हवं का?"

"नको," बाई म्हणाली. "एकसष्टच राहू दे. कार्डं वाचायला बसले तेव्हा तेवढ्याच वयाचे होते."