शिदूनं काढलेला दर्या

टाकव्याच्या वरच्या वाडीतला शिदू अकरा वर्षं कोकणात मासेमारीच्या बोटीवर खलाशी होता. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की त्या खरवडून रंगवायचं आणि त्यांच्यावर चित्रं काढायचं काम त्याच्याकडं. तिथंच त्याचा हात बसला. वाडीतल्या सावित्राबाईच्या गणेशला बोटीवर नेलं ते त्यानंच. दुसऱ्याच हंगामात गणेश जाळ्याबरोबर पाण्यात ओढला गेला. सापडला नाही. शिदू कायमचा घरी आला.

सावित्राबाईकडं लेकाचा फोटो नव्हता. मोबाइल त्याच्याबरोबरच गेला होता, आणि आधार कार्डाच्या झेरॉक्सवर चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग.

गेल्या मे महिन्यात लोणावळ्यात प्रज्ञेश नावाच्या हॉटेलवाल्यानं जेवणाच्या खोलीची एक भिंत शिदूला दिली. त्याला समुद्र हवा होता. शिदूनं दोरीवर वाळणारे बोंबील काढले, टोपलीवरून भांडणाऱ्या बायका काढल्या आणि मधोमध जाळं ओढणारा गणेश, दात दिसतील असा हसरा.

"बोंबील कशाला? दोन डॉल्फिन टाका ना," प्रज्ञेश म्हणाला.

"त्ये जाळं फाडत्यात, सायेब. त्यान्ला कोन भितीवर घेतंय?"

हॉटेलचा रंगारी विक्की वेगळंच सांगत होता. "भाऊ, मागं डोंगर आहे, भिंत ओल ओढते. ऑइल पेंट नको. पाण्यातला लावा."

"दर्याला पान्यातला रंग?" शिदू हसला. "माजा रंग आट म्हैने खाऱ्या पान्यात टिकायचा. तुजी भित काय बुडनार हाय व्हय?"

बोटीचं लाकूड आधी सुकवतात, आणि तिला पाणी लागतं ते बाहेरून. डोंगराला टेकलेल्या भिंतीत ते आतून येतं. विक्कीचं बरोबर होतं. पण अकरा वर्षांचा हात ऐकतो कुणाचं?

"मावशी, लावनी उरकली की नेतो लेक बघाया," असं शिदूनं सावित्राबाईला कबूल केलं होतं.

श्रावणात दोघं गेली. शिदूला ती भिंत दारातूनच दिसली. रंगाखाली पाणी साचलं होतं. गणेशचे गाल फुगले होते, डोळे त्यात बुजले होते, ओठ फाटले होते.

त्यानं हात आडवा घातला. "मावशी, चल माघारी. रंग बिगाडलाय."

ती त्याच्या हाताखालून आत गेली. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं गालावर तळवा ठेवला. फुगा दबला, फुटला आणि पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"असाच झाला आसंल न्हाई रे, पान्यात राहून?"

"न्हाई मावशी. म्या हसताच काढलाय त्याला."

"आत्तापतुर मलाबी हसताच दिसायचा, शिदू."

तिनं हात पदराला पुसला. परतीच्या एसटीत ती त्याच्यापासून दोन सीट पुढं बसली.